मृगांतला तेजोमेघ आणि एक हिरवी रेषा

परभणी जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला सत्तावीस नक्षत्रांपैकीं सर्वांत जवळचें नक्षत्र कोणतें, असें विचारलें तर बहुधा तो मृगाचें नांव घेईल. पेरणीचा हिशेब ज्या मृगावर चालतो तो सूर्याचा मृग होय. जून महिन्यांत सूर्यच त्या नक्षत्रांत असतो आणि म्हणून त्या दिवसांत तें नक्षत्र डोळ्यांना दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतच्या रात्रीं. ज्वारीच्या रानांत जागलीला बसलेल्या माणसाला तें शोधावें लागत नाहीं. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्यें ओळीनें तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाच्या रेषेंत खालीं व्याधाचा झगझगीत तारा. बाणाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर मंद ताऱ्यांची आणखी एक उभी ओळ आहे. तिच्यांतला मधला ठिपका इतर ताऱ्यांसारखा टोंकदार नाहीं. नजर जरा स्थिर ठेवली कीं तो पुसट, धुरकट वाटूं लागतो. हा मृगांतला तेजोमेघ.

घराच्या अंगणांत ठेवण्याजोगी सहा-आठ इंच आरशाची दुर्बीण या ठिपक्यावर रोखली तर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा एक राखी-हिरवट मेघ दिसतो. गांवांत दिवे असतील तर पक्ष्याचे पंख आंखूड दिसतात, कारण आकाशाचाच उजेड मेघाच्या कडा खाऊन टाकतो. हौशी निरीक्षकांच्या हातीं आतां यावर एक नवें साधन आलें आहे. सव्वा इंच व्यासाची ही एक कांच असून ती नेत्रभिंगाच्या तोंडाशीं फिरवून बसवितात. तिला फिल्टर म्हणतात. ती बसवितांच आकाश काळें होतें, तारे मंद होतात, आणि मघाशीं आंखूड दिसणारे पंख लांबवर पसरतात. पाहणाऱ्याला प्रथम वाटतें कीं कांचेनें मेघाचा उजेड वाढविला. तसें कांहींच झालेलें नसतें. कांच प्रकाश वाढवीत नाहीं. ती फक्त अडविते, आणि मेघाचा प्रकाश तेवढा सोडून बाकीचा बहुतेक अडविते.

परंतु मेघाचा प्रकाश आणि इतरांचा प्रकाश असा भेद एका कांचेच्या तुकड्याला कळावा तरी कसा? या प्रश्नाच्या उत्तराला जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतलें एक पान पुण्यांत लिहिलें गेलें आहे. तें पान आज फार थोड्यांच्या वाचनांत आहे.

तेजोमेघ म्हणजे काय, यावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोठा वाद होता. आयर्लंडांत लॉर्ड रॉस यांनीं १८४५ मध्यें बहात्तर इंच व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली. तिच्यांतून पाहतां पाहतां कित्येक धुरकट ठिपके वास्तविक ताऱ्यांचे पुंजके असल्याचें दिसून आलें, आणि मृगांतला मेघहि असाच ताऱ्यांत फुटतो असें सांगण्यांत येऊं लागलें. त्यावरून पुष्कळांचें मत असें बनलें कीं मेघ म्हणून वेगळी वस्तूच नाहीं. दुर्बीण पुरेशी मोठी असली कीं सगळेच मेघ ताऱ्यांत फुटतील.

हा वाद मिटला तो मोठ्या दुर्बिणीनें नव्हे, तर एका लोलकानें. लंडनच्या एका उपनगरांत विल्यम हगिन्स हे गृहस्थ स्वतःच्या घराच्या आवारांत आठ इंची दुर्बीण बाळगून होते. आजच्या भाषेंत हेहि अंगणांतलेंच निरीक्षण. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्रीं त्यांनीं कालेय, म्हणजे पाश्चात्त्यांच्या ड्रॅको, या तारकासमूहांतील एका लहानशा तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहिला. ताऱ्याचा प्रकाश लोलकांतून गेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड रंगीत पट्टा दिसतो आणि त्यावर काळ्या रेषा असतात. हगिन्स यांना पट्टा दिसलाच नाहीं. काळोखांत एक हिरवी रेषा तेवढी लखलखत होती. आपलें यंत्र बिघडलें कीं काय अशीहि शंका त्यांना आली. नीट पाहतां तिच्या शेजारीं आणखी दोन मंद रेषा दिसल्या. असा तुटक प्रकाश केवळ विरळ, तापलेला वायु देतो. म्हणजे तो मेघ खरोखरच वायूचा मेघ होता, ताऱ्यांचा पुंजका नव्हता. पुढें मृगांतल्या मेघांतहि त्याच रेषा आढळल्या.

तीन रेषांपैकीं एक हायड्रोजनची, हें लवकरच ओळखलें गेलें. परंतु सर्वांत ठळक जी हिरवी रेषा ती कोणाची, हें कळेना. प्रयोगशाळेंत ज्ञात असलेल्या कोणत्याहि मूलद्रव्याशीं ती जुळेना. येथूनच एका विलक्षण वादाला आरंभ झाला आणि त्यांत पुढें पुण्याचा प्रवेश झाला.

त्या काळीं इंग्लंडांत सर नॉर्मन लॉकियर यांचा शब्द मोठा मानला जाई. सूर्याच्या वर्णपटांत हेलियम वायूची पिवळी रेषा ओळखणाऱ्यांत ते प्रमुख होते. ‘नेचर’ हें शास्त्रीय साप्ताहिक त्यांनीं १८६९ मध्यें काढलें आणि तेच त्याचे संपादक होते. १८८७ च्या सुमारास त्यांनीं एक भव्य सिद्धान्त मांडला. विश्वांतील सर्व ज्योति उल्कांच्या थव्यांपासून झाल्या आहेत. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे विरळ थवे, त्यांतील दगड एकमेकांवर आदळतात, तापतात, आणि त्या उष्णतेनें उल्कांतील मॅग्नेशियम प्रकाशूं लागतें. ती कोडें घालणारी हिरवी रेषा, लॉकियर म्हणत, स्वतंत्र रेषा नव्हेच. मॅग्नेशियम जळतांना त्याच्या वर्णपटांत हिरव्या भागांत एक पट्टा दिसतो, त्याची ही कड आहे.

येथें थोडें थांबून पट्टा आणि रेषा यांतील फरक समजून घेतला पाहिजे, कारण साऱ्या वादाचें मर्म त्यांत आहे. पट्ट्याला एक बाजू रेखीव असते आणि दुसऱ्या बाजूकडे तो विरत विरत जातो, जशी धोतराची किनार एका अंगानें ठसठशीत आणि दुसऱ्या अंगानें पोतांत मिसळून गेलेली असावी. रेषा मात्र दोन्ही बाजूंनीं सारखीच रेखीव असते. तेव्हां लॉकियर यांचें म्हणणें खरें असेल तर मेघाची हिरवी रेषा एका बाजूला विरलेली दिसली पाहिजे, आणि तिचें स्थान मॅग्नेशियमच्या कडेशीं तंतोतंत जुळलें पाहिजे. दोन्ही स्थानांत फरक होता तो एका अंगस्ट्रॉमहूनहि कमी. अंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. एवढ्याशा फरकावर सबंध विश्वाच्या उत्पत्तीचा सिद्धान्त उभा राहणार किंवा कोसळणार होता.

आतां पुण्याकडे वळूं. कावसजी दादाभाई नायगामवाला हे मुंबईचे पारशी गृहस्थ. जन्म १८५७ चा. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून १८७८ मध्यें ते एम. ए. झाले आणि पुढें तेथेंच पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. १८८२ मध्यें भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं वर्णपटाच्या अभ्यासासाठीं पांच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. आधीं विचार होता तो प्रयोगशाळेचा. नायगामवाला १८८४ मध्यें इंग्लंडला जाऊन आले तेव्हां त्याचें रूपांतर वेधशाळेच्या योजनेंत झालें. पुढच्याच वर्षीं ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आले. आज ज्याला पुणेकर इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ओळखतात तें हेंच. १८८८ च्या सुमारास तेथें महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यासाठीं डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांत घडविलेली आरशाची दुर्बीण अखेर वीस इंची झाली आणि कित्येक दशकें ती सबंध देशांतली सर्वांत मोठी दुर्बीण होती. मद्रासची वेधशाळा तिच्याहून पुष्कळ जुनी खरी, पण तिचें काम मुख्यतः ताऱ्यांच्या स्थाननिश्चितीचें. ताऱ्याचें द्रव्य कोणतें, तें कोणत्या स्थितींत आहे, हे प्रश्न पुसण्यासाठींच उभारलेली वेधशाळा म्हणून पुण्याचा मान वेगळा आहे.

दुर्बीण उभी राहिल्यावर नायगामवाला यांनीं जे प्रश्न हातीं घेतले त्यांत मृगांतल्या मेघाच्या हिरव्या रेषेचा प्रश्न होता. पुण्याचें अक्षांश साडेअठरा. लंडनमध्यें मृग नक्षत्र दक्षिण क्षितिजाच्या बाजूला धुक्यांत रेंगाळतें, तें पुण्यांत साठ अंशांहून उंच चढतें. हिवाळ्यांत हवा कोरडी असते. या दृष्टीनें पुण्याची जागा लंडनहून किती तरी सरस होती. तथापि काम अत्यंत चिकाटीचें. छायाचित्र घेऊन निवांतपणें मोजण्याची सोय अशा मंद हिरव्या प्रकाशासाठीं तेव्हां फारशी नव्हती. अंधारांत, थंडींत, एका डोळ्यानें, केसाएवढ्या रेषेची कड रेखीव आहे कीं विरलेली आहे, याचा निवाडा करावयाचा.

१८९१ मध्यें नायगामवाला यांचा निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकांत प्रसिद्ध झाला. रेषा दोन्ही बाजूंनीं रेखीव आहे. तिला पट्ट्याचें रूप नाहीं. म्हणजे लॉकियर यांच्या सिद्धान्ताला पुण्याच्या दुर्बिणीचा आधार मिळाला नाहीं.

हा निष्कर्ष त्यांनीं एकट्यानेंच काढला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. हगिन्स आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीं लॉकियर यांना आधींच विरोध केला होता, आणि अमेरिकेंत लिक वेधशाळेच्या छत्तीस इंची दुर्बिणीवर जेम्स कीलर यांनीं रेषेचें स्थान इतक्या बारकाईनें मोजलें कीं मॅग्नेशियमचा दावा टिकणें अशक्य झालें. अंतिम निकाल कीलर यांच्या मोजणीनें लागला, हें मान्य केलें पाहिजे. पण एक गोष्ट लक्षांत घ्यावी. हगिन्स आणि लॉकियर यांच्यांत जुनी चुरस होती. त्यांच्या एकमेकांविरुद्धच्या साक्षींना दोन्ही बाजूंचे लोक थोडा बट्टा लावूनच ऐकत. अशा वेळीं दूरच्या, ज्याला त्या चुरशींत कोणतेंहि सुतक नव्हतें अशा निरीक्षकाच्या साक्षीला वेगळें मोल येतें. वसाहतींतला, सरकारी महाविद्यालयांतला, तेहतीस-चौतीस वर्षांचा एक अध्यापक, आणि समोर सत्तेच्या आणि विद्येच्या दोन्ही दरबारांत वजन असलेला लॉकियर. डोळ्यांना जें दिसलें तें मोठ्या नांवाकडे पाहून बदलून लिहिण्याचा मोह अशा प्रसंगीं लहान नसतो. नायगामवाला यांनीं दिसलें तेंच लिहिलें.

योगायोग असा कीं याच पुण्यांत, दोनच वर्षांनीं, १८९३ मध्यें लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदकाळीं वसंतसंपात मृगांत होता, यावरून वेदांचें प्राचीनत्व ठरविण्याचा तो प्रयत्न. एकाच शहरांत, एकाच दशकांत, एकाच नक्षत्राकडे एक विद्वान काळ मोजण्यासाठीं पाहत होता आणि दुसरा द्रव्य ओळखण्यासाठीं. टिळकांच्या ग्रंथाची चर्चा घरोघर झाली. दुसरें काम सोसायटीच्या मासिकांतच राहून गेलें.

नायगामवाला यांच्या कामाचा एक धागा परभणी जिल्ह्यापर्यंतहि येतो, मात्र तो तेजोमेघाचा नव्हे, सूर्यग्रहणाचा. २२ जानेवारी १८९८ रोजीं झालेलें खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठीं त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ ठोकला. लिक वेधशाळेची कॅम्पबेल यांची तुकडी आणि जपानी शास्त्रज्ञांची तुकडीहि जेऊरलाच होती. काहीं इंग्रज निरीक्षकांनीं वऱ्हाडाच्या सीमेवरचें पुलगांव निवडलें. नकाशावर जेऊर आणि पुलगांव यांना जोडणारी रेषा ओढली तर ती परभणी आणि जिंतूर यांच्यामधून, मानवतच्या आसमंतांतून जाते. म्हणजे चंद्राची सावली याच काळ्या जमिनीवरून धांवली. पण या बाजूला एकहि मोठी दुर्बीण आली नाहीं, आणि याचें कारण फार व्यवहारी आहे. जेऊर आणि पुलगांव दोन्ही आगगाडीच्या वाटेवर होतीं. गोदावरीच्या खोऱ्यांतून मनमाडला जाणारी निजामाच्या मुलखांतली गाडी त्यानंतर, १९०० च्या आसपास, सुरू झाली. जड पेट्या, आरसे आणि कांचेच्या तबकड्या बैलगाडींतून एवढ्या दूर आणणार कोण? जेऊरला खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटें टिकली. तेवढ्यांत नायगामवाला यांनीं सूर्याच्या कडेच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांचा अहवाल १९०२ मध्यें छापला गेला. पुण्यांत प्लेगानें थैमान घातलेल्या दिवसांत हें सारें झालें, हेंहि विसरतां येत नाहीं.

परभणी तेव्हां हैदराबाद संस्थानांत होती, आणि संस्थानाची स्वतःची वेधशाळा याच सुमारास उदयास येत होती. नवाब जफर जंग यांनीं १९०१ मध्यें ग्रब यांच्याच कारखान्यांतली पंधरा इंची भिंगाची दुर्बीण आणून निजामिया वेधशाळेचा पाया घातला. १९०८ मध्यें ती संस्थानानें ताब्यांत घेतली. सबंध आकाशाचा छायाचित्रित नकाशा तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेंत दक्षिणेकडील सतरा ते तेवीस अंशांच्या पट्ट्याचें काम हैदराबादनें केलें. तें मोलाचें काम होतें, पण ताऱ्यांच्या स्थानांचें होतें. मेघांच्या द्रव्याचा प्रश्न तिनें हातीं घेतला नाहीं.

आणि पुण्याचें काय झालें? १९१२ मध्यें नायगामवाला निवृत्त झाले, त्याबरोबर वेधशाळाहि निवृत्त झाली. यंत्रें कोडाईकॅनॉलच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झालीं. एका माणसाच्या अंगीं असलेल्या कळकळीवर संस्था उभी राहावी आणि तो खुर्चीवरून उठतांच ती मिटून जावी, ही आपल्याकडची जुनी कथा आहे. वीस वर्षांत त्या वेधशाळेंत चार-दोन तरुण तयार करून त्यांना वारसा सोंपविण्याची व्यवस्था झाली असती तर पुण्यांतलें हें काम खंडित झालें नसतें. नायगामवाला १९३८ मध्यें वारले. तोंवर त्या हिरव्या रेषेचें कोडें सुटलेलें होतें.

रेषा मॅग्नेशियमची नाहीं, तर मग कोणाची? कोणतेंच द्रव्य जुळेना म्हणून शास्त्रज्ञांनीं एक नवेंच मूलद्रव्य मानलें आणि त्याला ‘नेब्युलियम’ असें नांव दिलें. परंतु पुढें मूलद्रव्यांची मांडणी पूर्ण होत गेली तेव्हां त्यांत नेब्युलियमला बसावयास एकहि जागा उरली नाहीं. १९२७ मध्यें अमेरिकेंत आयरा बोवेन यांनीं उलगडा केला तो असा: ही रेषा आपल्या श्वासांतल्या प्राणवायूचीच आहे. प्राणवायूच्या अणूंतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेले म्हणजे जो भारित अणु उरतो तो ही हिरवी रेषा देतो. मग ती पृथ्वीवर कां दिसत नाहीं? त्या अणूला हा प्रकाश सोडण्यासाठीं सरासरीनें अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ निवांत राहावें लागतें. पृथ्वीवरच्या हवेंत एका घन सेंटिमीटरांत एकावर एकोणीस शून्यें मांडून होणाऱ्या संख्येहूनहि अधिक कण असतात. तेथें अणूला क्षणाचाहि निवांतपणा नाहीं. प्रकाश सोडण्यापूर्वींच दुसरा कण येऊन त्याला धक्का देतो. मृगांतल्या मेघांत तेवढ्याच जागेंत कण असतात ते कांहीं हजार. प्रयोगशाळेंतल्या उत्तम निर्वातापेक्षांहि ती पोकळी विरळ. तेथें अणूला पुरेशी उसंत मिळते. दिसावयास दाट वाटणारा मेघ वास्तविक जवळजवळ शून्यच आहे, आणि तो शून्यवत् आहे म्हणूनच त्या रंगानें प्रकाशतो.

आतां अंगणांतल्या कांचेकडे परत येण्यास हरकत नाहीं. तेजोमेघाचा दृश्य प्रकाश अखंड पट्ट्यांत पसरलेला नसून कांहीं मोजक्या, अरुंद रेषांत सांठलेला आहे. प्राणवायूच्या दोन रेषा ५००७ आणि ४९५९ अंगस्ट्रॉमवर, आणि हायड्रोजनची एक ४८६१ वर. उलट रस्त्यावरच्या पाऱ्याच्या दिव्यांचा हिरवा प्रकाश ५४६१ वर पडतो आणि सोडियमच्या दिव्यांचा पिवळा ५८९० वर. कांचेवर निर्वातांत अत्यंत पातळ थर एकावर एक चढविले, आणि त्यांची जाडी प्रकाशाच्या लहरींच्या मापानें बेतली, तर परावर्तित लहरी एकमेकांत मिसळून ठराविक रंगच आरपार जाऊं देतात, बाकीचे परतवितात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेंच हें तत्त्व. केवळ प्राणवायूच्या दोन रेषांना वाट देणारी कांच सुमारें शंभर अंगस्ट्रॉमची फट ठेविते. दुसऱ्या प्रकारची कांच जरा रुंद फट ठेवून हायड्रोजनची रेषाहि आंत घेते. अशा कांचा विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हौशी लोकांच्या आवाक्यांत आल्या.

यांत निसर्गानें एक कृपाहि केली आहे. अंधाराला सरावलेला मानवी डोळा सुमारें ५०७० अंगस्ट्रॉमच्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. मेघाची ठळक रेषा ५००७ वर. म्हणजे डोळ्याची आणि मेघाची जणू पूर्वींचीच ओळख आहे.

या कांचेविषयीं दुकानदार कांहींहि सांगोत, तिच्या मर्यादा ओळखूनच ती घ्यावी. देवयानींतल्या दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा आहे, अखंड पट्ट्याचा आहे. तेथें ही कांच उपकारापेक्षां अपकारच करील. कृत्तिकांभोवतीं जो पुसट मेघ आहे तो स्वतः प्रकाशत नाहीं, ताऱ्यांचा प्रकाश परतवितो. त्यालाहि हिचा उपयोग नाहीं. सूर्याकडे तर ही कांच लावून कदापि पाहूं नये, डोळा क्षणांत जाईल. शिवाय रस्त्यावर आतां पांढरे एलईडी दिवे आले आहेत. त्यांचा प्रकाश पाऱ्याच्या किंवा सोडियमच्या दिव्यांसारखा ठराविक रेषांत सांठलेला नसून सर्व रंगांत पसरलेला असतो, त्यामुळें त्यांतला कांहीं अंश फटींतून आंत येतोच. ज्या काळांत दिवे अवगुणी होते त्या काळांत ही कांच अधिक गुणी होती, असें म्हणावें लागतें. अंधाराला पर्याय नाहीं. या बाबतींत जिंतूरकडच्या डोंगराळ भागांतलें एखादें आडगांव मुंबईच्या सर्वांत उंच गच्चीहून श्रीमंत आहे, आणि भारनियमनाची रात्र ही निरीक्षकाला सुटीची रात्र आहे. सोबत घेतलेला मोबाइल मात्र खिशांतच ठेवावा.

वापरण्याची रीत साधी आहे. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. अर्धा तास तरी अंधारांत बसून डोळा सरावूं द्यावा. कमी वर्धनाचें नेत्रभिंग लावावें, कारण कांच आधींच प्रकाश कमी करते. डोक्यावर काळें फडकें घ्यावें आणि मेघाकडे थेट न पाहतां किंचित् बाजूला पाहावें. लहान, ताऱ्यासारखे दिसणारे मेघ शोधण्याची एक युक्ति आहे. कांच नेत्रभिंगाला न बसवितां डोळा आणि नेत्रभिंग यांच्यामध्यें आळीपाळीनें आणावी व काढावी. तारे मंद होतात आणि मेघ तसाच राहतो, त्यामुळें गर्दींतून तो आपण होऊन ओळख देतो. हगिन्स यांनीं पाहिलेला कालेयांतला मेघ असाच लहान, निळसर-हिरवा आहे आणि आठ इंची दुर्बिणींत सहज सांपडतो.

पुण्यांत १९४४ मध्यें ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांची देशांतली ती सर्वांत जुनी संस्था. आरसा स्वतः घांसून दुर्बीण तयार करण्याचे वर्ग पुण्यांतील आयुकाहि भरवीत आली आहे. तेव्हां ज्या शहरांतून वीस इंची दुर्बीण गेली तेथें सहा इंची पुष्कळ झाल्या, असें समाधान मानतां येतें. सहा इंची आरसा वीस इंचीपेक्षां अकरापट कमी प्रकाश गोळा करतो हें खरें, पण नायगामवाला यांना जो लोलक लावून प्रकाश पसरून पाहावा लागे, तो या निरीक्षकाला पसरावा लागत नाहीं.

परभणीच्या आकाशांत या कांचेला योग्य अशीं स्थळें वर्षभर असतात. पावसाळा संपून कोजागिरीच्या मागें-पुढें आकाश निवळलें कीं हंसांतला जालासारखा विखुरलेला मेघ संध्याकाळीं डोक्यावर असतो. तो एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष. कांचेवांचून लहान दुर्बिणींत तो मोठ्या मुष्किलीनें जाणवतो, कांच लावली कीं दोरखंडाच्या सुटलेल्या पदरांसारखा दिसूं लागतो. उन्हाळ्यांत मध्यरात्रीनंतर धनु राशींतले दोन मोठे मेघ उंच येतात. आणि एक मेघ असा आहे कीं जो लंडनच्या हगिन्स यांना घरून कधींच दिसूं शकला नाहीं: दक्षिणेकडच्या नौकातल समूहांतला ईटा कॅरिनी ताऱ्याभोवतींचा मेघ, मृगांतल्या मेघाहूनहि विस्तारानें मोठा. परभणीहून तो क्षितिजापासून अवघा अकरा अंश वर चढतो. एप्रिलच्या मध्यास, रात्रीं नऊच्या सुमारास, दक्षिणेकडे झाडी आणि दिवे नसलेल्या माळरानावर दुर्बीण नेली, आणि त्या दिवशीं वावटळीची धूळ खालीं बसलेली असली, तर तासाभराची संधि मिळते.